शिट्टी वाजते, चाकं हलत नाहीत

बंद पडलेल्या वस्तूला माणूस आधी थाप मारतो. रेडिओ खरखरला, टॉर्च मिणमिणली, टीव्हीचा रिमोट चालेना, की ती वस्तू तळहातावर आपटायची, नाहीतर मागचं झाकण सरकवून आतले सेल अंगठ्याने जागच्या जागी गोल फिरवायचे. हे कुणी शिकवत नाही. माझी आजी तेच करायची आणि अजून बाराखडीही न आलेलं पोर तेच करतं. पुष्कळदा त्याने काम होतंही. सेलच्या टोकावर आणि पत्र्याच्या पट्टीवर हवेने एक पातळ, मळकट थर धरलेला असतो. सेल फिरवला की तो थर खरवडला जातो, धातूला धातू लागतो, वीज वाहू लागते. थाप मारली की सैल सुटलेलं काहीतरी घटकाभर जागेवर बसतं. त्या थापेत चिडचीड असते, पण तिच्यात जाणही असते. कुठेतरी जे टेकायला हवं ते टेकत नाही, हे हाताला डोक्याच्या आधी कळलेलं असतं.

माझ्या भाच्याची आगगाडी दिवाळीनंतर बंद पडली तेव्हा त्यानेही तिला आधी दोन थापा मारल्या. मग उलटी धरून हलवली. मग कानाशी नेली. मग माझ्याकडे आणली.

दादाचं घर डोंबिवलीत, रुळांच्या इतकं जवळ की गॅलरीत उभं राहिलं तर येणाऱ्या लोकलच्या कपाळावरची अक्षरं वाचता येतात. पहिलीतला हा मुलगा वाचायला तिथेच शिकला. अंबरनाथ, बदलापूर, आसनगाव, खोपोली. धडा वाचताना अडखळतो, पण टिटवाळा कधी चुकत नाही. 'आत्या, ही पंधरा डबा' असं तो मला न बघता, नुसत्या आवाजावरून सांगतो. अशा मुलाला कुणीतरी वाढदिवसाला गाडी आणली, त्यात नवल नव्हतं. निळं प्लास्टिकचं इंजिन, मागे तीन डबे, तुकडे एकमेकांत अडकवले की लंबगोल होणारा रूळ आणि मुठीत मावणारा रिमोट. त्यावर चार बटणं : पुढे, मागे, शिट्टी, दिवा. इंजिनात चार पेन्सिल सेल, रिमोटमध्ये दोन बारके.

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ताई, कशाला डोळे शिणवताय? हल्ली स्वस्तात मिळतात नव्या." खरं होतं ते. नवी मिळाली असती. पण गाडी माझ्या मांडीवर होती आणि मुलगा माझ्या हाताकडे बघत होता.

रिमोटवर चालणाऱ्या वस्तूचं दुखणं शोधताना पहिला पेच हा असतो, की चूक हुकूम देणाऱ्याची की ऐकणाऱ्याची? भाच्याचा संशय इंजिनावर होता. ते ऐकत नाही म्हणून तो बटण आणखी जोराने दाबत होता, हात आणखी पुढे नेत होता, शेवटी रिमोट इंजिनाच्या नाकाला टेकवून दाबत होता. सेल उतरत आले की मोठी माणसंही हेच करतात. बटणावरच्या जोराचा सेलमधल्या विजेशी काही संबंध नसतो, तरी अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबतात.

रिमोट दोषी की निर्दोष हे ठरवायची एक सोपी युक्ती आहे. मोबाइलचा सेल्फीचा कॅमेरा चालू करायचा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरायचं आणि बटण दाबायचं. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. पडद्यावर मात्र त्या टोकाशी एक जांभळट ठिणगी लुकलुकते. मागच्या कॅमेऱ्यात ती बऱ्याचदा दिसत नाही, कारण असला प्रकाश अडवणारी काच तिथे चांगल्या प्रतीची असते. पुढच्या कॅमेऱ्यात बहुधा दिसते. आमच्या रिमोटची दिसली. बटण सोडलं की विझे, दाबलं की पेटे. रिमोट सुटला.

भाच्याचं त्यावर समाधान झालं नाही. त्याने फोन उचलला आणि घरातले सगळे रिमोट तपासायला निघाला. टीव्हीचा, सेट टॉप बॉक्सचा, एसीचा, पंख्याचा. बिघडला म्हणून ड्रॉवरच्या तळाला टाकलेला एक रिमोटही त्याने शोधून काढला आणि तो पेटत नाही हे ओरडून सांगितलं. परत येऊन विचारलं, "कॅमेऱ्याला दिसतं, मग मला का नाही दिसत?" इंद्रधनुष्याच्या तांबड्या पट्ट्याच्या पलीकडेही रंग असतात, फक्त आपले डोळे तिथपर्यंत पोचत नाहीत, असं मी सांगितलं. तो गप्प झाला. आपल्यासमोर काहीतरी चाललं आहे आणि ते आपल्याला दिसत नाही, ही गोष्ट त्याला मुळीच पटली नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मला ते आवडलं. पटू नयेच.

त्या न दिसणाऱ्या उजेडाची उघडझाप बहुतेक रिमोटमध्ये सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा होते. खोलीतला दिवा, गॅस, माणसाचं अंग, सगळ्यांतूनच तसला उजेड किंवा त्याचे भाऊबंद बाहेर पडत असतात. त्या गर्दीत आपला हुकूम ओळखू यावा म्हणून ही ठरलेली लय. इंजिनाच्या टपावर काळसर काचेचा एक टिपका असतो, तो फक्त त्या लयीकडे कान लावून बसलेला असतो. हे सांगताना एका जुन्या तक्रारीचाही उलगडा झाला. सकाळी गॅलरीजवळ रूळ मांडला की एका ठिकाणी गाडी हटकून हट्टाला पेटायची. भाच्याने त्या तुकड्याला 'खराब रूळ' असं नाव ठेवलं होतं आणि तो तुकडा वगळून रूळ जोडायचाही प्रयत्न केला होता. रूळ चांगला होता. तिथे सकाळचं ऊन पडायचं. उन्हात तसला उजेड इतका असतो की तो टिपका भरून जातो आणि रिमोटचं बोलणं त्यात बुडतं. बिचारा तुकडा इतके दिवस नाहक बदनाम झाला होता.

रेडिओलहरींवर चालणाऱ्या खेळण्यांना उन्हाची बाधा नाही. त्यांना निराळी. एकाच इमारतीत एकाच जातीच्या दोन गाड्या असल्या तर दुसऱ्या मजल्यावरचा रिमोट चौथ्या मजल्यावरची गाडी वळवू शकतो. निकोला टेस्लाने 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांसमोर पाण्याच्या कुंडात एक छोटी बोट तारेवाचून चालवून दाखवली, तेव्हा रेडिओवरून बातम्या ऐकण्याचा काळ अजून यायचा होता. लांबून आज्ञा देण्याची हौस माणसाला बातम्या ऐकण्याच्याही आधी लागली, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते.

रिमोट सुटला तेव्हा इंजिनाच्या पोटाकडे वळले. सेलच्या खणाला एक बारीक प्लस स्क्रू असतो, पोरांच्या हाती सेल लागू नयेत म्हणून. बारका डिसमिस घेऊन तो काढला, झाकण नखाने उचललं आणि कारण समोर आलं. चारांपैकी एका सेलच्या बुडाशी मिठासारखी पांढरी भुकटी जमली होती. तिथली स्प्रिंग हिरवट काळी पडलेली. सेल बाहेर काढताना ती स्प्रिंग त्याला चिकटून वर आली आणि मग नाइलाजाने सुटली.

ही भुकटी बहुतेकांनी पाहिलेली असते, फार थोड्यांनी निरखलेली असते. अल्कलाइन सेलच्या पोटात दाहक पोटॅश असतं. सेलचं सील फुटलं की ते झिरपत बाहेर येतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा असा पांढरा क्षार बनतो. हाताला लागू द्यायचा नाही, डोळ्याला तर मुळीच नाही, म्हणून भाच्याला हाताच्या अंतरावर बसवलं. वहिनींकडून अर्धं लिंबू मागून घेतलं. कान साफ करायच्या काडीला लिंबाचा रस लावून भुकटीवर टेकवला आणि बारीक फेस उठला. क्षाराला आम्ल भेटलं की असं होणारच, शाळेत हे शिकलेलं असतं. पण खेळण्यातल्या गाडीच्या पोटात, नखाएवढ्या जागेत, चुळचुळ आवाज करत तो फेस उठताना बघणं निराळं. फेस निवला की पुसायचं, पुन्हा लावायचं. शेवटी स्पिरिटने पुसून, पॉलिश पेपरची पट्टी करून स्प्रिंग घासायची. काळ्याखालून धातू चमकला की थांबायचं.

सेल का फुटला? चारांतला तो एकटाच वेगळ्या रंगाचा होता. भिंतीवरचं घड्याळ आणि गाडी यांच्यात कधीतरी अदलाबदल झाली होती. गाडीला न पुरणारा सेल घड्याळाला कित्येक महिने पुरतो, कारण घड्याळाचं मागणं फारच थोडं. पण घड्याळात जवळजवळ संपलेला सेल गाडीत घातला तर तो तीन ताज्या सेलांच्या ओळीत सापडतो. ओळीतल्या सगळ्यांतून एकच वीज वाहते. ताजे तिघे जोर लावत राहतात, हा रिता झालेला असतो, तरी त्याच्यातून वीज ढकलली जाते. आत वायू साचतो, दाब वाढतो, सील उसवतं. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नका, असं पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं ते यासाठी.

सेलवर आगगाडी चालवणं हा आपल्याला पोरखेळ वाटतो. ज्यांनी ते पहिल्यांदा केलं त्यांच्यासाठी तो खेळ नव्हता. स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनच्या रॉबर्ट डेव्हिडसनने जस्ताच्या पट्ट्या आम्लात बुडवून केलेल्या बॅटऱ्यांवर चालणारं खरंखुरं इंजिन बनवलं आणि 1842 साली एडिंबरा ते ग्लासगो या मार्गावर ते चालवून पाहिलं. ताशी चार मैल, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षा थोडंसंच जास्त. आम्लात विरघळणारं जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग पडायचं, म्हणून ते इंजिन मागे पडलं आणि वाफेचं राज्य चालू राहिलं. बोरीबंदराहून ठाण्याला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं पहिली गाडी घेऊन निघाली ती 16 एप्रिल 1853 रोजी, त्यानंतर अकरा वर्षांनी. म्हणजे सेलवरचं इंजिन आपल्या पहिल्या आगगाडीच्या आधीचं. पुढच्याच वर्षी, 1854 साली, रूळ कल्याणपर्यंत पोचले. दादाच्या गॅलरीखालून जातात ते तेच. जस्त अजूनही आपल्या पेन्सिल सेलमध्ये आहे, पुढे सरकायला लागणारी वीज अजूनही तेच झिजून देतं.

मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली ती 1500 व्होल्टच्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. नव्वदेक वर्षं मुंबईच्या लोकल तसल्याच विजेवर धावल्या. सेलमधली वीजही तशीच, एकाच दिशेची. पंधराशे व्होल्ट आणि सहा व्होल्ट एवढाच फरक. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याने इंजिन उचलून गॅलरीतून दिसणाऱ्या गाडीशी ताडून पाहिलं आणि मान डोलावली. त्याला हे नातं आधीपासून ठाऊक असावं.

स्प्रिंग चमकली, चारही सेल नवे घातले. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला. शिट्टी वाजली. भाचा उभा राहिला. पुढे जायचं बटण दाबलं. दिवा मंदावला, आतून बारीक गुं ऐकू आलं, चाकं जागची हलली नाहीत. त्याच वेळी शिट्टी दाबली तर ती घोगरी होऊन ओढत ओढत वाजली.

या अवस्थेत पुष्कळ खेळणी टाकून दिली जातात. दिवा लागतो, आवाज येतो, म्हणजे सेल ठीक. तरी चालत नाही, म्हणजे मोटर जळली, असं म्हणून मोकळं होतात. पण दिव्याला आणि शिट्टीला वीज लागते ती थेंबभर. मोटरला, आणि त्यातूनही अडकलेल्या मोटरला, लागते ती कितीतरी पट. ती सगळी वीज ओढून घेते, म्हणून दिवा मंदावतो आणि शिट्टी घोगरी होते. मोटर जळली असती तर दिव्याला बहुधा काहीच फरक पडला नसता. ती घोगरी शिट्टी सांगत होती की मोटर जिवंत आहे आणि झगडते आहे. नीट ऐकलं की बिघाडाचा ठावठिकाणा पुष्कळदा आवाजातच असतो.

माझे बाबा माटुंगा वर्कशॉपमध्ये फिटर होते, डब्यांच्या कामावर. त्यांच्याकडून मला एक गोष्ट मिळाली, की वस्तू उघडण्याची भीती वाटत नाही. घरात काही उघडायचं झालं की ते वर्तमानपत्र अंथरायचे आणि निघालेला प्रत्येक स्क्रू वस्तूवर जिथे होता तिथेच, त्याच आकृतीत, कागदावर मांडायचे. स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीला नसतात. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर प्लास्टिक फोडून पलीकडे निघतो. मी कागद अंथरला. भाच्याला स्क्रू मांडायचं काम दिलं. त्याने प्रत्येकाभोवती पेन्सिलीने गोल काढला.

बाबा सांगायचे, लोकलचा डबा वर्कशॉपात येतो तो बंद पडला म्हणून नव्हे, मुदत भरली म्हणून. पीओएच म्हणतात त्याला. चांगला चालता डबा उचलायचा, खालचे ट्रॉलीसकट चाकांचे जोड सोडवायचे, एकेक भाग धुऊन, मोजून, झिजलेला बदलून पुन्हा बसवायचा. ज्या गाडीत रोज हजारो माणसं बसतात तिला बिघडण्याची वाट बघायची मुभा नसते. घरातल्या वस्तूंना आपण ती मुभा देतो. सांगायचं तर, बंद पडल्याशिवाय आपण त्यांच्याकडे बघतच नाही. शिवणयंत्राला तेल देणारी, पंखा पुसून त्याचा कंडेन्सर बदलणारी, सायकलची चेन काढून रॉकेलमध्ये घालणारी माणसं आमच्या लहानपणी घरोघर होती, आणि त्यांना काही विशेष करतोय असं वाटत नसे.

इंजिनाचे दोन अर्धे वेगळे झाले. आत बहुतेक सगळी पोकळीच. खेळण्याचं पोट इतकं रिकामं असतं हे पाहून मुलांना धक्का बसतो. एक पोस्टाच्या तिकिटाएवढी सर्किटची हिरवी पट्टी, एक छोटा स्पीकर, अंगठ्याएवढी मोटर, तिच्या दांडीवर पांढरं दातेरी चाक, पुढे आणखी दोन चाकं आणि मग आस. आणि त्या आसाभोवती, चाक आणि चौकट यांच्या फटीत, घट्ट गुंडाळलेला केसांचा वेढा.

चिमट्याने टोक पकडून तो उलगडायला लागले. लांब काळे केस, वहिनींचे. मधेच आखूड, पांढरे, ते दादाच्या सासूबाईंचे असावेत, त्या दिवाळीला आल्या होत्या. एक लाल धागा, बहुधा देव्हाऱ्यातल्या वस्त्राचा. आणि दातेरी चाकांच्या दात्यांत अडकलेले रांगोळीचे कण, पांढरे, जांभळे, पोपटी. जमिनीवर धावणारं खेळणं घर जे जे गाळतं ते उचलत जातं. दिवाळीत गाडी दारातल्या रांगोळीवरून गेली होती, हे त्या कणांनी सांगितलं. भाच्याने ताबडतोब कबूल केलं, त्याने तिथे लेव्हल क्रॉसिंग केलं होतं.

केस सुईने सोडवायला वेळ लागतो. ओढले तर तुटतात आणि आत रुततात. वेढ्याची दिशा ओळखून आस उलटा फिरवायचा, म्हणजे ते आपण होऊन सैलावतात. दात्यांतली रांगोळी जुन्या टूथब्रशने झाडली. आसाच्या दोन्ही टोकांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब, काडीच्या टोकाने. खोबरेल घालू नये. थंडीत ते गोठतं आणि पुढे चिकट होऊन धूळ धरतं.

तोवर सगळी हकिगत जुळली होती. आधी केस गुंडाळले गेले. चाकं जड झाली. मोटर जास्त वीज ओढू लागली. सेल लवकर उतरू लागले. त्यातला एक उतरला म्हणून घड्याळातला आणून घातला गेला. तो रिता होऊन फुटला. क्षाराने स्प्रिंग खाल्ली आणि गाडी अखेर बंद पडली. आम्हाला पहिल्यांदा दिसली ती भुकटी हा या साखळीचा शेवट होता. ती पुसून नवे सेल घालून थांबलो असतो तर काही दिवसांनी पुन्हा तेच. बिघाड आपल्याला शेवटापासून सुरुवातीकडे वाचावा लागतो.

क्षार आणखी एका ठिकाणी पोचला होता. स्प्रिंगपासून पट्टीकडे जाणारी काळी तार वरून ठणठणीत दिसत होती, पण हाताने जराशी वाकवताच मोडली. सोलून पाहिलं तर आवरणाखालचं तांबं काळं पडलेलं. हा क्षार तारेच्या बारीक तंतूंमधून आवरणाखाली चढत जातो. अशा काळ्या तांब्यावर कथील बसत नाही, कितीही तापवा. लाल, चकचकीत तांबं लागेपर्यंत तार कापत मागे जावं लागतं. तेवढी कापली आणि दुसऱ्या तारेचा तुकडा जोडला.

डाग देण्याचं काम मला मनापासून आवडतं. बाबांची सोल्डरिंग आयर्न माझ्याकडे आहे, तिची लाकडी मूठ त्यांच्या हाताने काळी झालेली. राळेचा धूर वर चढतो, तो वास नाकाशी आला की मला आमच्या जुन्या घरातला पोटमाळा आठवतो. खिडकी उघडी ठेवायची, मुलाला लांब ठेवायचं, नंतर हात साबणाने धुवायचे, हे सगळं आहेच. पण मूळ कौशल्य एवढंच की कथील तापवायचं नाही, तार तापवायची. तार पुरती तापली की कथील तिला टेकताक्षणी पाणी होतं आणि तंतूंमध्ये आपण होऊन शिरतं. घाई करून कथलाचा नुसता गोळा वर ठेवला तर तो दिसतो छान, धरत मात्र नाही. चांगला डाग चकचकीत असतो आणि त्याच्या कडा उतरत्या असतात. बोटाने हळूच ओढून पाहिला. धरला.

इंजिन बंद करण्याआधी भाच्याला मोटर हातात दिली. तिच्या दोन तारा सेलच्या दोन टोकांना लावायला सांगितलं. मोटर गरकन फिरली, तो दचकला, हसला. तारांची अदलाबदल कर म्हटलं. ती उलटी फिरली. बराच वेळ तो फक्त तेवढंच करत राहिला, सुलट, उलट, सुलट, उलट. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं आणि तो म्हणाला, "रिमोटचं मागे जायचं बटण हेच करतं?" हेच करतं. हिरव्या पट्टीवर तारांची ही अदलाबदल होते. लोकलला दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असते म्हणून कल्याणला गाडी वळवावी लागत नाही, हे त्याला माहीत होतंच. उलटं जायला वळावं लागत नाही, हे आता त्याला हाताने कळलं.

माझ्या लहानपणी चावीची गाडी होती, पत्र्याची, आत कमान. तिचं पोट पत्र्याच्या घड्या सरळ करून उघडता यायचं आणि बिघाड डोळ्यांना दिसायचा. कमान तुटली की तुटली, चाकाचा दाता गेला की गेला. आता बिघाड पट्टीवर, काळ्या तुकड्यांत लपलेला असतो, असं वाटतं खरं. पण जितकी खेळणी मी उघडली त्यांत पट्टी क्वचित गेलेली असते. जाते ती स्प्रिंग, तार, खटका, दातेरी चाक. हाताने दुरुस्त होईल असंच काहीतरी. पुण्यात कोथरूडला जोशी यांच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात ज्यांनी गाड्या धावताना पाहिल्या असतील त्यांनी रुळांकडे लक्ष द्यावं. तसल्या छोट्या गाड्यांना वीज रुळांतूनच मिळते, चाकातून आत जाते. म्हणून रूळ आणि चाक स्वच्छ राखावे लागतात, नाहीतर धुळीचा एक पापुद्रा अख्खी गाडी थांबवतो.

आपल्या देशाच्या 2022 च्या ई-कचरा नियमांत खेळण्यांचाही एक वर्ग आहे आणि त्यात विजेवर चालणाऱ्या आगगाड्यांचा नावानिशी उल्लेख आहे. तो असावा, हे मला योग्यच वाटतं. प्लास्टिक, तांबं, कथील, सेल, यांतलं काहीच उकिरड्यावर जाऊ नये. पण त्या यादीत गाडीचं नाव वाचताना माझ्या मनात येतं, की तिथपर्यंत पोचलेल्या किती गाड्यांच्या आसाला फक्त केस गुंडाळलेले असतील. आणि ज्या खेळण्याचे दोन अर्धे स्क्रूने न जोडता चिकटवून टाकलेले असतात, जे फोडल्याशिवाय उघडतच नाही, त्याचा मला राग येतो. करणाऱ्याने ते बिघडेल हे गृहीत धरलेलं असतं, दुरुस्त होईल हे नसतं. असं खेळणं विकत घेऊ नये, कितीही सुंदर असलं तरी.

स्क्रू आपापल्या गोलातून उचलून परत बसवले. रूळ मांडला, ऊन टाळून. गाडी निघाली, वळणावर जराशी कलली, सावरली, पुढे गेली. वहिनी पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, चालली की." भाच्याने गाडी थोडा वेळच चालवली. मग त्याने तो वर्तमानपत्राचा कागद ओढून घेतला आणि त्या पेन्सिलीच्या गोलांच्या मधल्या जागेत मोटर, सेल, स्प्रिंग आणि तारा काढल्या. आता शाळेच्या वहीतही तो आगगाडी काढतो ती अशीच, पोट उघडं असलेली. बाईंनी खाली लाल पेनाने 'छान' लिहिलं आहे.

खेळणं माळ्यावर किंवा कपाटात ठेवायचं असेल तर आधी सेल काढून घ्या. जुने नवे सेल एकत्र घालू नका. संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळे साठवून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. आणि गाडी बंद पडली, तुम्ही डिसमिस घेऊन बसलात, तर 'जा, अभ्यास कर' म्हणून मुलाला उठवू नका. स्क्रू सांभाळायला त्याला शेजारी बसवा.